विष घालणाऱ्याचा चहा

मला माणसांचा संशय येतो. आजचा नाही, लहानपणापासूनचा. माहेरी म्हणायचे, हिला साक्षात देव भेटला तरी ही आधी त्याची सावली पडते का ते बघंल. म्हणोत बापडे. दूध विकणाऱ्या बाईनं भोळेपणा केला तर लोक तिच्या म्हशीसुद्धा सोडून नेतील. संशयानं माझं कधी नुकसान झालं नाही, आणि पुढं जे सांगणार आहे त्यातही मी चुकले असं मला वाटत नाही.

हिंगोलीला स्टेशनाच्या अलीकडं आमचं घर होतं. पुढं अंगण, बाजूला गोठा, गोठ्यावर कडब्याचा माळा. घरचे, म्हणजे माझे मालक, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, बोलायला अगदी कमी. घरात त्यांच्या वाटचंही मीच बोलायची. म्हशी माझ्या, धारा माझ्या, गिऱ्हाइकं माझी.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी स्टेशनासमोर एका इराण्यानं चहाचं हॉटेल टाकलं. दोन बाकडी, एक भट्टी, एक मोठी किटली आणि तो. जुनी माणसं त्याच्या हातचं घेत नव्हती. पण जिनिंगचे कामगार, गाडीवान, मोटारीचे ड्रायव्हर आणि कुणाला न सांगता एकदोन मास्तर, अशी गर्दी व्हायला लागली. दूध माझं जायचं. तो माणूस मला पहिल्या दिवसापासून खटकला. नाक बाकदार, डोळे आत गेलेले. बोलताना डावी भुवई आपोआप वर जायची आणि हसला तर तोंडाचा एकच कोपरा हसायचा. तो अग्नीला मानणारा की नमाज पढणारा हेही गावाला नीट कळलं नव्हतं. मुंबईत काय करत होता असं विचारलं की एकच शब्द, बेकरी. आता मला सांगा, मुंबईतली चालती बेकरी सोडून माणूस हिंगोलीला काहून येईल?

त्यात त्याची खोड. मी चरवी टेकवली की तो आधी बोट बुडवायचा, दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि नख तिरपं करून बघायचा. थेंब नखाला धरून राहिला तर दूध खरं, सरसर ओघळला तर पाणी. रोज! माझ्या दुधाला! शिरड शहापूरला, माझ्या माहेरी, आमच्या आईनं दुधात पाणी घालणाऱ्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं होतं. त्या आईची मी लेक. मी इराण्याला तोंडावर सांगितलं, बोटाऐवजी अख्खा हात बुडव, थेंब हलायचा नाही. तो एका कोपऱ्यानं हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट बुडवलं. मग मीही त्याच्या मापावर भरवसा ठेवणं सोडलं आणि घरून माझं माप न्यायला लागले. त्याचा माझ्यावर संशय, माझा त्याच्यावर. बराबर चाललं होतं.

मग एका दसऱ्याला मैदानात सिनेमाचा तंबू लागला. आम्ही बायका कनातीच्या अलीकडं सतरंजीवर बसलो होतो. मुका सिनेमा होता, तंबूवाला बाजूला उभा राहून कोण काय म्हणतंय ते ओरडून सांगत होता. राजाचा दरबार, आजारी राजपुत्र, त्याच्या उशाशी दुधाचा पेला. आणि पडद्याच्या कडेनं एक दाढीवाला हकीम आला. त्यानं अंगठीतली पूड पेल्यात सोडली, पेला हलवला, डावी भुवई वर गेली, आणि तोंडाचा एक कोपरा हसला.

माझ्या शेजारणीनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. कनातीच्या पलीकडून पुरुषांचा गलका ऐकू आला. दाढी लावली म्हणून काय झालं? ज्या माणसाचं तोंड रोज सकाळी किटलीमागं दिसतं ते भिंतीएवढं झालं तरी ओळखू येतंच. राजपुत्र तडफडून मेला. सगळ्यात वाईट म्हणजे त्यानं विष घातलं होतं ते दुधात.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. तंबूवाल्याकडं इराण्याचे आणखी दोन सिनेमे निघाले. एकात तो सावकाराचा माणूस होता, दुसऱ्यात खबऱ्या. त्या दुसऱ्यात एक बंडवाला शेतकऱ्याच्या घरात लपून बसतो आणि हा शिपायांना रस्त्याच्या मधोमध उभा राहून लांब बोट करून ते घर दाखवतो. तोंडातून शब्द नाही, नुसतं बोट. हेच बोट रोज माझ्या दुधात बुडत होतं.

गावानं चहा सोडला म्हणजे माझं निम्मं दूध पडून राहिलं. मी तरातरा हॉटेलात गेले आणि विचारलं, हे काय सोंग आहे? तेव्हा पहिल्यांदा तो बोलला. इराणातून चुलत्याबरोबर बोटीनं मुंबईला आला, मिसरूडही फुटलं नव्हतं. चुलत्याच्या बेकरीतली पावाची टोपली घेऊन सिनेमाच्या कारखान्यापुढं बसायचा. एक दिवस तिथल्या साहेबानं त्याचं तोंड धरून इकडं तिकडं वळवलं आणि म्हटलं, या चेहऱ्यावर लबाडी जन्मताच लिहून आलीय, याला आत घ्या. भाषा येत नव्हती तरी अडलं नाही, सिनेमाच मुका. मग काय, हा विष घालायचा, मुलं पळवायचा, किल्ल्याचा चोरदरवाजा उघडून द्यायचा, आणि शेवटी मरायचा. बुडून मेला, कड्यावरून पडून मेला, हत्तीच्या पायाखाली मेला. हत्ती फार गरीब होता म्हणे, पाय ठेवायलाच तयार नव्हता.

पुढं बोलपट निघाले आणि त्याचं बस्तान उठलं. तो भयंकर धमकी द्यायला तोंड उघडायचा आणि त्याचे ते मोडके, इराणी हेल काढलेले शब्द ऐकून सगळे खो खो हसायचे. साहेब म्हणाला, तू आपला गप उभा राहून बघत जा. मग नुसतं बघण्याचीच कामं मिळाली. कधी पडद्याआडून, कधी खिडकीतून. पुढं पुढं तीही मिळेनात. कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं एक दिवस त्याला ओळखलं नाही, तेव्हा तो तिथूनच मागं वळला.

हे सगळं सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, रडण्याचंही कामच केलं असेल यानं.

गिऱ्हाईक परत आणायला त्यानं काय करावं? तर एक गाडीवान धीर करून आला तेव्हा यानं चहा कपात ओतला, आपण आधी त्याच कपातला घोट घेतला आणि मग कप त्याच्यापुढं सरकवला. बघ, विष नाही! गाडीवान उठून उभा राहिला. विषाचं भय एक वेळ पत्करलं असतं त्यानं, पण परक्या माणसाचं उष्टं? मी नेमकी दूध घालायला आलेली. कपाळावर हात मारून घेतला. मी इराण्याला सांगितलं की आमच्याकडं घरातल्या घरातलं उष्टं खातात. आई लेकराचं खाते, बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. ज्याच्याशी काही नातं नाही त्याचं उष्टं मेलं तरी कुणी खात नाही. तो चकित झाला. त्यांच्या मुलखात म्हणे घरधनी आधी स्वतः घोट घेतो, म्हणजे पाहुण्याला कळतं की मन साफ आहे.

"मन साफ आहे तर कप पण साफ राहू दे," मी म्हटलं.

तेव्हापासून तो किटलीतला पहिला कप सगळ्यांदेखत स्वतः प्यायचा आणि मग इतरांना वेगळ्या कपात द्यायचा. तंबू उठून गेला, चहाची तलफ काही उठून गेली नाही. महिन्याभरात बाकडी पुन्हा भरली. पण त्याला विष घालणारा हे नाव पडलं ते पडलंच, आणि माझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही.

अशी वर्षं गेली आणि निजामाच्या मोगलाईचे शेवटचे दिवस आले. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही नव्हतो. गावात कोण कुणाचा, काही कळायचं नाही. शेजारीण मीठ मागायला आली तरी वाटायचं, मीठच पाहिजे ना हिला? माझा धाकटा भाऊ वऱ्हाडाच्या हद्दीवर निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. पोलीस त्याच्या मागावर होते. शिरडच्या घराची त्यांनी दोनदा झडती घेतली होती. त्याच्याबरोबरचा एकजण सापडला होता, त्याचं पुढं काय झालं ते त्याच्या आईला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

त्या साली पोळ्याच्या आधी भर दुपारी वैरणीची गाडी अंगणात आली. वैरणीखालून माझा भाऊ निघाला. सेनगावाकडच्या जवारीत दिवस काढताना त्याला मुदतीचा ताप भरला होता. उभं राहता येत नव्हतं. आम्ही त्याला माळ्यावर चढवलं, पुढं कडब्याच्या पेंढ्या रचल्या. डॉक्टरला बोलवायची सोय नव्हती. अन्न पचत नव्हतं, पोटात राहायचं ते नुसतं दूध. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन हिंडले तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोट घोट प्यायचा. मला एवढंच पाहिजे होतं की हे लेकरू जगावं आणि कुणाला पत्ता लागू नये.

दूध साहजिकच कमी पडलं. घरोघरचे रतीब मोडले असते तर बायकांनी चौकशा केल्या असत्या, म्हणून मी इराण्याचं कमी केलं. पहिल्या दिवशी त्यानं नुसतं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी चरवीत वाकून बघितलं, भुवई वर गेली.

"म्हैस आटली काय, बाई?"

मी व्हय म्हटलं आणि निघाले. पाठीवर त्याची नजर जाणवत होती. त्याच आठवड्यात मी बघितलं की पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, रोज सकाळी त्याच्या हॉटेलात येऊन बसून राहिलाय. दोघं डोक्याला डोकं लावून बोलत होते. आणि एका सकाळी मी वळणावरून येताना इराणी रस्त्याच्या मधोमध उभा होता, बाजूला अमीन, आणि इराण्यानं हात लांब करून बोट दाखवलं होतं. आमच्या घराच्या दिशेला. सिनेमातलं तेच बोट.

घरी येऊन मी घरच्यांना म्हटलं, आजच्या आज याला हलवा. ते माळ्यावर जाऊन आले आणि मान हलवली. गाडीचे धक्के बसले तर ताप घात करील, आणखी आठवडा तरी थांबावं लागेल. त्या आठवड्यात मी एक घास सुखानं खाल्ला नाही. बाहेर चप्पल वाजली की मी गोठ्याच्या दाराकडं धावायची. आणि रोज सकाळी त्याच माणसापुढं दूध ओतायला जायचं! न जावं तर संशय, जावं तर हे.

मग तो दिवस आला. मी नुकतीच माप घ्यायला न थांबता भरली चरवीच हॉटेलात ठेवून परतले होते. अमीन, दोन शिपाई, मागं तमाशा बघायला आलेली निम्मी आळी, आणि सगळ्यांच्या पुढं इराणी, माझीच चरवी हातात घेऊन. मला वाटलं, घात झाला. अमीन म्हणाला, तुझ्या गोठ्यात तू कुणाला तरी दूध पाजून राहिलीस अशी खबर आहे. शिपाई गोठ्याकडं निघाला. घरचे दारात पुतळा होऊन उभे.

तेवढ्यात इराणी शिपायाला आडवा आला आणि त्यानं तोंड सोडलं. मी त्याला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कुणाला पाजते? कुणाला नाही पाजत! ही बाई चोर आहे! अर्धं दूध स्टँडवरच्या हॉटेलात चोरून विकते आणि मला पाणी घालून देते! मराठी, उर्दू आणि त्याची कुठली ती भाषा, सगळ्याची खिचडी. शब्द एका बाजूला, हेल दुसऱ्या बाजूला. माणसं हसायला लागली. ज्या बोलण्यानं त्याला सिनेमातून घालवलं होतं तेच बोलणं. शिपाई हसला, अमीनसुद्धा मिशीत हसला. मग इराण्यानं बोट चरवीत बुडवलं, थेंब नखावर घेतला आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला. थेंब सरसर ओघळला.

माझ्या दुधाचा थेंब! संतापानं माझ्या डोळ्यापुढं लाल झालं. त्या सकाळी मी स्वतः धार काढली होती, त्यात पाण्याचा टिपूस नव्हता. मी तोंड उघडलं. माझ्या आईची शपथ घेऊन मी त्या मेल्याला तिथंच खोटा पाडणार होते. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. भुवई वर गेली नाही, तोंडाचा कोपरा हलला नाही. नुसतं बघितलं, पण असं की मी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पाणी मी घातलं नव्हतं. म्हणजे यानंच घातलं होतं.

"काय गं, घालतेस पाणी?" अमीननं विचारलं.

वर माळ्यावर कडबा जरासा खसखसला. का मला तसं वाटलं.

"व्हय," मी म्हटलं. "घालते."

आळीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या रतिबाच्या बायका. अमीननं मला सगळ्यांपुढं कान धरून उठाबशा काढायला लावल्या. मी काढल्या. काढताना रडले, आणि ते रडणं खरं होतं. इराणी बाजूला उभा राहून अजून शिव्या देत होता आणि अमीन पोट धरून हसत होता. मग इराण्यानं त्याच्या खांद्याला हात लावून चला साहेब, गरम चहा पाजतो म्हटलं, आणि ती वरात जशी आली तशी गेली. गोठ्यात कुणी पाऊल टाकलं नाही.

भाऊ पुढच्या आठवड्यात वैरणीच्या गाडीतूनच हद्दीपार गेला. माझी घरोघरची गिऱ्हाइकं मात्र त्याच दिवशी तुटली. मी पाणी घालणारी ठरले. इराण्याकडं दूध चालू होतं. तो बोट बुडवायचा, बघायचा, माप घ्यायचा. तोही बोलला नाही, मीही नाही. ऐकायला कान कुठंही असू शकत होते. आमच्या गोठ्याची खबर कुणी दिली ते मला आजवर कळलेलं नाही. माझा संशय तिघांवर आहे. त्यातले दोघे वारले.

पोळा झाला, गणपती बसले आणि त्याच दिवसांत भारताच्या फौजा आल्या. मोगलाई संपली. लोक रस्त्यावर नाचले, आणि नाचून झाल्यावर हिशेबाला बसले. अमीन पळून गेला होता. मग त्याच्याबरोबर कोण उठत बसत होतं? इराणी. घरं दाखवायला बोट कोण करत होतं? इराणी. आणि तंबूत आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंच होतं की हा खबऱ्या आहे! हे असं बोलणारी शिकली सवरलेली माणसं होती. एका सकाळी मी दूध घेऊन गेले तर हॉटेलापुढं ही गर्दी. काही जणांच्या हातात काठ्या. एकानं भट्टीवर पाणी ओतलं होतं. इराणी किटलीला टेकून उभा होता, तोंड पांढरं पडलेलं, आणि त्याचा तो चेहराच असा की भ्यालेला असतानासुद्धा लबाड दिसायचा. तो काही सांगू बघत होता आणि या वेळी त्याच्या बोलण्याला कुणी हसत नव्हतं.

मी गर्दीत घुसले. कोपरं मारत घुसले. चरवी फळीवर आपटली आणि म्हटलं, एक चहा दे.

त्यानं किटलीत उरलेला चहा कपात ओतला आणि पुढं केला. मी कप परत सरकवला.

"आधी तू पी."

तो म्हणाला, "उष्टं होईल, बाई."

"म्हनूनच म्हनते. पी."

त्यानं घोट घेतला. मी त्याच्या हातातून कप घेतला, त्यानं ओठ लावले होते तिथंच ओठ लावले आणि सगळा चहा प्याले. सावकाश. माझ्या आळीतले, जिनिंगमधले, ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे बघत होते. घरचेही होते गर्दीच्या मागं. एक म्हातारा राम राम म्हणत मागं सरला. कप खाली ठेवून मी गर्दीकडं वळले आणि सांगितलं की माझा भाऊ आज जिता आहे, तो या माणसानं माझ्या दुधात पाणी घातलं म्हणून. आणि ऐकायचं तर नीट ऐका, पाणी यानं घातलं, मी न्हाई.

गर्दी लगेच हटली नाही. काठी घेऊन आलेली माणसं पटकन घरी जात नाहीत. पण एकानं काठी भिंतीला टेकवली, आणि एक गाडीवान बाकड्यावर बसला.

सगळे पांगल्यावर मी त्याला विचारायचं ते विचारलंच. अमीनबरोबर काय कुजबुज चालायची? तो म्हणाला, त्याला सिनेमाचं भारी वेड. कुठल्या सिनेमात कसा मेलो ते करून दाखवायला लावायचा. एक दिवस खबऱ्याचं काम करून दाखव म्हणाला, भर रस्त्यात. साहेबाला नाही कसं म्हणू? आणि तुमच्या घरी आलो त्या सकाळी त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, दूध कमी येतं का. बाकड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक, नाही म्हणता येईना. म्हणून चोर म्हटलं तुम्हाला, आणि निघता निघता तांब्यातलं पाणी चरवीत ओतलं.

"पण माझ्या घरी कुणी हाय हे तुला कसं कळलं?"

त्यानं भट्टीतला भिजलेला कोळसा बाहेर काढता काढता म्हटलं, "बाई, म्हैस आटली असती तर तुम्ही तिला रोज शिव्या दिल्या असत्या. एक पण नाही दिली. काम कच्चं झालं तुमचं."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. मी माझं माप काढलं आणि दूध ओतायला लागले. त्यानं सवयीनं बोट पुढं केलं, मग थबकला आणि मागं घेतलं.

"बुडव," मी म्हटलं. "आणि चहात साखर कमी होती."